वर्षअखेरचा हिशेब : घरातील बुद्धी आणि धृती

आपल्या देशात वर्ष एकाच दिवशी संपत नाही. गुजराती व्यापाऱ्याचे वर्ष आश्विन अमावास्येला पुरे होते. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र येथे चैत्र शुद्ध प्रतिपदेला नवे वर्ष उजाडते. बंगालमध्ये वैशाखाच्या आरंभी हालखाता उघडतात. तमिळनाडूत चित्तिरै मासाचा पहिला दिवस वर्षारंभाचा मानतात. आणि सरकारी कचेऱ्यांचे व पेढ्यांचे वर्ष ३१ मार्चला मिटते. दिवस कोणताही असो, त्या सुमारास दुकानदार एक गोष्ट चुकवीत नाही. मागील वहीतील येणे-देणे मांडतो, बाकी काढतो, आणि मगच नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो. हाच मनुष्य घरी गृहस्थ असतो. परंतु घरातील माणसांच्या सवयींचा असा हिशेब तो क्वचितच मांडतो. मुलांचे प्रगतिपुस्तक आले, गुण पाहिले, दोन शब्द बरे-वाईट बोलून झाले, की त्याच्या लेखी वर्ष संपले.

येथे ज्या हिशेबाचा विचार करावयाचा आहे तो गुणांचा नव्हे. सांगितलेले काम ध्यानात ठेवणे, ते वेळेवर आरंभणे, मध्येच मोहाचे काही समोर आले तरी हातचे न सोडणे, आणि योजना फसली तर न चिडता दुसरी आखणे, या ज्या आंतरिक शक्ती आहेत त्यांचा हा हिशेब आहे. मानसशास्त्रज्ञ त्यांना ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स’ म्हणतात. आपण कार्यनियामक शक्ती म्हणू. कार्यापुरती स्मृती, मनाचा आवर आणि विचाराचा लवचिकपणा ही त्यांची तीन मुख्य अंगे मानली जातात. गीतेच्या अभ्यासकाला हा प्रदेश अगदी अनोळखी वाटू नये. अठराव्या अध्यायात २९ ते ३५ या श्लोकांत भगवंतांनी बुद्धीचे व धृतीचे तीन तीन प्रकार सांगितले आहेत. काय करावे व काय टाळावे हे ओळखते ती बुद्धी. मन, प्राण व इंद्रिये यांच्या क्रिया धरून ठेवते ती धृती. गीता व मानसशास्त्र एकच गोष्ट सांगतात असा आमचा दावा मुळीच नाही. गीतेची दृष्टी मोक्षावर आहे, मानसशास्त्राची व्यवहारावर. परंतु गृहस्थाश्रमी मनुष्याला दोन्हींकडे पाहावे लागते, आणि त्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला तर सकाळी सातच्या आत दप्तर भरावयाचे असते.

एक उदाहरण घेऊ. सातवीतील एक मुलगा वर्षभर शाळेचे प्रकल्प आदल्या रात्री दहा वाजता काढून बसतो. मग घरात धावपळ होते. वडील पुठ्ठा आणावयास बाहेर पडतात, आई चित्रे कापते, आजी देवाजवळ बसून ‘या मुलाचे कसे व्हायचे’ म्हणत राहते. वर्षाच्या शेवटी निवाडा एका शब्दात होतो : आळशी. हा निवाडा तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण दहा-बारा वर्षांच्या वयात मुलाला एकदा हे नाव मिळाले की ते त्याला आपलेच वाटू लागते. आत्म्याने आत्म्याला उद्धरावे, खचू देऊ नये, हा सहाव्या अध्यायातील उपदेश त्याच्या कानी पडण्याआधीच घरच्यांनी त्याला खचविलेले असते.

निवाडा कसा तपासावा? गीतेत याचे साधन आहे, पण आपण ते पारायणात वाचून पुढे जातो. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पुढच्याच श्लोकात म्हटले आहे की शरीराने, वाणीने वा मनाने मनुष्य जे काही करतो, ते न्याय्य असो वा विपरीत, त्याची कारणे ही पाच. आणि त्यापुढील श्लोकात, जो केवळ एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, त्याला नीट दिसत नाही, असा स्पष्ट ठपका आहे. तेथे विवेचन आत्म्याच्या अकर्तृत्वाचे आहे हे खरे. तरीही व्यवहारातील कोणताही निवाडा देताना ‘पाचांपैकी किती पाहिले?’ हा प्रश्न स्वतःला विचारणे गीतेच्या विरुद्ध जाणार नाही. ‘आळशी’ म्हणणाऱ्याने पाचांपैकी एकच पाहिलेले असते.

प्रथम अधिष्ठान. शंकराचार्यांनी याचा अर्थ शरीर असा केला आहे; व्यवहारात ज्या जागी कर्म घडते ती जागाही त्यात धरता येईल. शरीराचे पाहू. हा मुलगा झोपतो किती? निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास व १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. रात्री साडेअकराला निजून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाला साडेसहा तासच मिळतात. आहार, विहार, निद्रा व जागरण यांचे प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखहारक होतो असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ते केवळ योग्यांसाठी आहे असे मानण्याचे कारण नाही. आता जागेचे पाहू. ज्या खोलीत दूरदर्शनसंच चालू आहे, पाहुणे बोलत आहेत, आणि काकांच्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना रंगला आहे, त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून भूगोल वाचणाऱ्या मुलाकडून आपण जी एकाग्रता मागतो, ती त्याच खोलीतील वडीलमाणसे स्वतः दाखवीत नसतात. दोन खोल्यांच्या घरात वेगळी अभ्यासिका कोठून आणावी, असे कोणी विचारील. खोली आणता येत नाही हे मान्य. सायंकाळचा एक तास शांत ठेवता येतो.

दुसरा कर्ता. त्याचे वय पाहिले पाहिजे. मेंदूचा पुढील भाग, जो या नियामक शक्तींचे मुख्य आसन आहे, तो पूर्ण परिपक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो. लहानपणी तर कार्यस्मृतीचा आवाका फारच थोडा असतो. प्रौढ माणसाला एका वेळी सुमारे सात गोष्टी ध्यानात धरता येतात असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिले. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती संख्या चारच्या आसपास आणली. आता आपल्या घरातील संध्याकाळ आठवावी. ‘दप्तर जागेवर ठेव, डबा घासायला टाक, हातपाय धू, देवाजवळ दिवा लाव आणि अभ्यासाला बस.’ एका दमात पाच आज्ञा! सहा वर्षांची मुलगी डबा टाकून हात धुते आणि खेळू लागते. ती अवज्ञा करीत नसते. उरलेल्या आज्ञा तिच्या मनातून निसटलेल्या असतात. अशा वेळी एकेक काम सांगावे, किंवा पाची कामे चित्रांनी कागदावर काढून भिंतीला लावावीत. ‘आमच्या लहानपणी असले कागद नव्हते’ असे म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांच्या लहानपणी घरात दहा माणसे होती आणि प्रत्येक काम कोणी ना कोणी मोठे भावंड शेजारी करीतच असे; तोच त्यांचा भिंतीवरचा कागद होता.

तिसरे करण. साधनांचा विचार आपण पैशाच्या अंगाने करतो : टेबल, दिवा, शिकवणी. नियामक शक्तीची साधने याहून स्वस्त आहेत. डोळ्यांसमोर टांगलेली दिनदर्शिका, ऐकू येईल असे घड्याळ, दाराजवळ दप्तराची ठरलेली खुंटी. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की दक्षिण आफ्रिकेत असताना गीता पाठ करण्यास त्यांनी सकाळच्या दंतधावनाची १५ मिनिटे व स्नानाची २० मिनिटे वापरली. दात घासताना समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटविलेल्या असत. अशा रीतीने त्यांचे तेरा अध्याय पाठ झाले. ज्यांच्या निश्चयाबद्दल जगाने आश्चर्य केले त्या पुरुषालाही चिठ्ठीची लाज वाटली नाही. रोज आपोआप घडणाऱ्या एका कृतीला नवी कृती जोडून देणे, हे यातील मर्म. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशाच प्रकारच्या संकल्पाचा अभ्यास केला आहे : ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा वेळ-स्थळ बांधून केलेला संकल्प ‘यापुढे नीट वागेन’ अशा मोघम संकल्पापेक्षा पुष्कळ अधिक पाळला जातो. आपल्या घरांत यासाठी एक उत्तम खूण पूर्वीपासून आहे. देवाजवळ सांजवात लागली की उद्याचे दप्तर भरावयाचे. एवढा एकच नियम वर्षभर चालला तरी पुष्कळ झाले.

चौथी चेष्टा, आणि गीतेने तेथे त्यांचे नानाविधत्व सांगितले आहे हे विसरू नये. प्रकल्प आदल्या रात्रीपर्यंत राहिला, कारण तो कसा मोडून करावा हे मुलाला कोणी दाखविलेच नाही. सोमवारी विषय ठरविणे, मंगळवारी पुठ्ठा आणणे, बुधवारी मजकूर लिहिणे, असे तुकडे पाडणे ही शिकावयाची विद्या आहे. दैव पाचवे. मध्येच आलेला ताप, वडिलांची बदली, घरातील मृत्यू. असे वर्ष गेले असेल तर ते मोकळेपणाने मांडावे व मुलाच्या खाती लावू नये. मात्र दैव पाचव्या क्रमांकावर आहे, पहिल्या नव्हे, हेही ध्यानात असावे. ग्रहदशेचा विचार करण्यापूर्वी झोपेचे तास मोजावेत.

येथे एक गोष्ट थोडक्यात पण निश्चयपूर्वक सांगतो. घर, शाळा व खेळ या सर्व ठिकाणी, वर्षानुवर्षे, एखाद्या मुलाला लक्ष टिकविणे वा वाचन-लेखन अतिशय जड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. अशा अडचणींना नावे आहेत, उपाय आहेत, आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही झालेला आहे. ते पूर्वकर्माचे फळ म्हणून मुलास ऐकविणे हा अन्याय होय.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मुलाचा धीर, वाट पाहण्याची त्याची ताकद, ही त्याच्या एकट्याच्या गाठीची पुंजी आहे काय? अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले प्रयोग पुष्कळांनी ऐकले असतील. चार-पाच वर्षांच्या बालकापुढे एक मिठाई ठेवावयाची. ती लगेच खाल्ली तर एकच, पण थोडा वेळ थांबले तर दोन. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणातही चांगली निघाली असे नंतरच्या पाहणीत दिसले, आणि जगभर मुलांच्या संयमाची चर्चा सुरू झाली. परंतु २०१८ साली टायलर वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून दाखविले की हा संबंध पूर्वी वाटला त्याच्या निम्म्यानेच आहे, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली की तो आणखी पुष्कळच क्षीण होतो. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आदींनी केलेला रोचेस्टर येथील प्रयोग तर प्रत्येक आईबापाने मनन करावा असा आहे. २८ मुले होती. निम्म्या मुलांना एका प्रौढ व्यक्तीने आधी ‘थांबा, चांगले रंग आणून देते’ असे सांगून ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना तसेच सांगितले, पण नंतर ‘माफ करा, नाहीत’ म्हणून रिकाम्या हातांनी परतली. नंतर मिठाई पुढे ठेवली. ज्यांना दिलेला शब्द खरा झाला होता ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांचा विश्वास मोडला होता ती सुमारे ३ मिनिटे.

मुले तीच, वय तेच. थोड्या वेळापूर्वी दिलेला शब्द पाळला की मोडला, एवढाच भेद. ज्याला दुसरी मिठाई येणारच नाही असे अनुभवाने कळले आहे त्याने पहिली लगेच खाणे हे असंयमाचे लक्षण नव्हे. ती त्याची बुद्धीच होय. वर्षभर ‘रविवारी नेतो’, ‘परीक्षा झाली की आणतो’, ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून किती वेळा आपण गेलो नाही, आणले नाही, आलो नाही? श्रेष्ठ जसे आचरतो तसे इतर जन आचरतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन आपण पुढाऱ्यांना लावतो. पाच वर्षांच्या मुलासाठी घरातील श्रेष्ठ कोण? म्हणून वर्षअखेरच्या बैठकीत पहिला हिशेब मोठ्यांनी स्वतःचा द्यावा असे आमचे मत आहे. ‘बाबा, तुम्ही नदीवर नेणार होतात’ असे मुलगी म्हणाली तर ‘अगं, कामे असतात’ असे उत्तर देऊ नये. ‘हो, म्हटले होते, आणि नेले नाही’ असे म्हणून ते वहीत लिहावे, आणि पुन्हा नेण्याचा दिवस ठरवायचा असेल तर जमेल असाच ठरवावा. मोठी माणसे अशी वागली तर मुले धाक सोडतील, ही भीती आम्ही ऐकली आहे. धाकाने थांबलेला मुलगा धाक दाराबाहेर गेला की थांबत नाही. दुसऱ्या अध्यायातील कासव आपले अवयव स्वतःच आत ओढून घेते. बाहेरून दाबून बसविलेले अवयव हे त्या उपमेत बसत नाहीत.

धृतीविषयी आणखी एक सावधगिरी. चिकाटी म्हटली की ती चांगलीच, असे आपण धरून चालतो. गीता तसे म्हणत नाही. झोप, भय, शोक, विषाद व मद यांना जी सोडत नाही तीही धृतीच आहे, पण तामस. आणि फळाच्या आसक्तीने जी धर्म, अर्थ व काम यांना धरून बसते ती राजस. जानेवारीत आखलेले वेळापत्रक फेब्रुवारीतच मुलाला झेपत नाही असे दिसले, तरी ‘एकदा ठरले म्हणजे ठरले’ म्हणून वर्षभर रोज त्यावरून भांडणे, यात घट्ट धरणे आहे खरे, पण काय धरले आहे? वडिलांचा मद आणि मुलाचा विषाद. तसेच गुणांच्या आशेने मुलाला दहा तास बसविणारी धृती राजस होय. निकाल लागताच ती गळते, कारण तिचा आधार निकालच होता. योजना बदलण्याची तयारी हे लवचिकपणाचे अंग मुले घरातूनच शिकतात. ‘ही रीत जमली नाही, दुसरी करून पाहू’ हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून वर्षातून किती वेळा निघाले, तेही बैठकीत आठवून पाहावे.

मग मुलांचा हिशेब. तो दोषांच्या यादीने मांडू नये. विचारावयाचे ते असे : मागील वर्षी जे काम आई-वडील करीत होते आणि आता तू करतोस, असे कोणते? केस विंचरणे, बसचा पास सांभाळणे, दुधाचा हिशेब लिहिणे, आजीच्या औषधाची वेळ लक्षात ठेवणे. अशी दोन-तीन कामे निघाली तर वर्ष चांगले गेले म्हणावे. एकही निघाले नाही, तर मुलाने काय केले नाही यापेक्षा आपण काय हातचे सोडले नाही हे पाहावे. पुष्कळ सुशिक्षित घरांत बारावीतल्या मुलाचे दप्तर आई भरते आणि तोच मुलगा वर्षभराने परगावी वसतिगृहात गेला की गोंधळतो. कठोपनिषदात बुद्धीला सारथी व मनाला लगाम म्हटले आहे. लहानपणी हा लगाम काही काळ आईबापांच्या हाती असतो, पण तो टप्प्याटप्प्याने द्यावयाचा असतो. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णांनी अर्जुनाचे घोडे हाकले. गांडीव मात्र त्यांनी हाती घेतले नाही. आणि सर्व उपदेश संपल्यावर, यावर संपूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे त्यांनी म्हटले आहे. अठराव्या अध्यायातील तो ६३ वा श्लोक आहे. ज्या बैठकीत मुलाला ‘हे मला पटत नाही’ म्हणण्याची मुभा नाही ती बैठक म्हणजे न्यायालय होते, आणि पुढच्या वर्षी मुले काहीतरी निमित्त काढून ती टाळतात.

बैठक लांबवू नये, तासाभरात उरकावी. जेवण झालेले असावे, कारण भुकेल्या पोटी कोणाचीही धृती टिकत नाही. मोबाइल सर्वांचे, म्हणजे वडिलांचाही, दुसऱ्या खोलीत. शेवटी प्रत्येकाने येत्या वर्षासाठी एकच गोष्ट घ्यावी, आणि ती ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा शब्दांत लिहावी. आजोबांनीही घ्यावी, चष्मा जेथे ठेवावयाचा तेथेच ठेवणे हाही संकल्प चालेल, नातवंडांना तो विशेष आवडतो. नंतर वर्षभर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पुरेत. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली ती दर रविवारी एक अशी, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अठरा अध्याय अठरा रविवारांत झाले. रविवार चुकला नाही एवढ्याने केवढे काम उभे राहते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. मात्र आपला एखादा रविवार चुकला तर त्याचा बाऊ करू नये. मन जेथे जेथे भरकटेल तेथून तेथून ते परत आणावे, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ‘जेथे जेथे’ या शब्दांतच ते पुन्हा पुन्हा भरकटणार हे गृहीत धरलेले आहे. पुढचा रविवार धरावा.

वही साधी, दोनशे पानी असली तरी दहा वर्षे पुरते. ती देवघराच्या फळीवर ठेवावी, पाहुण्यांना दाखवू नये, आणि मुलाच्या चुकांचे पान नातेवाइकांत वाचून तर मुळीच दाखवू नये. पुढील वर्षी बैठकीच्या आरंभी मागील पान मोठ्याने वाचावे. वाचण्याचे काम घरातील सर्वांत लहान, अक्षरओळख झालेल्या मुलाला द्यावे.